मॅग्नेट उतरला

मामाच्या १५ इंची स्पीकरचं वजन ८ किलो भरायचं. नुसत्या स्पीकरचं. असे दोन स्पीकर, त्यांच्याभोवती जाड प्लायचं खोकं, पुढे लोखंडी जाळी, कोपऱ्यांना पत्रे, असं सगळं धरून एक बेस ६५ किलोच्या घरात जायचा. असे सहा बेस छोट्या हत्तीत चढवायचे, हळदीच्या मांडवाशी उतरवायचे, एकावर एक रचायचे आणि रात्री उलटा तोच कार्यक्रम. मामाने हे २७ वर्षं केलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मणक्यातली एक चकती सरकली. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे पाण्याची बादलीसुद्धा गुडघ्यात वाकून उचलायची. मामाने मान डोलावली आणि त्याच आठवड्यात शिरढोणची हळद वाजवली.

तेव्हा मी मध्ये पडलो. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स होतं आणि लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मामाच्या गाळ्यात गेल्या होत्या, त्यामुळे स्पीकरमधलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. मामाचाही तोच समज होता, हे जास्त वाईट. मी त्याला म्हटलं, वजन मॅग्नेटचं आहे, मॅग्नेट बदलू.

गाळा पळस्पे फाट्यापासून थोडा आत आहे. फाटा बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. इथून एक रस्ता घाटाकडे जातो, एक कर्नाळ्यावरून पेण आणि पुढे कोकणात, एक न्हावा-शेवा बंदराकडे. गणपतीला गावी जाणारी माणसं इथे वडापाव खायला थांबतात. आमच्यासाठी फाटा म्हणजे मुख्यतः धूळ. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पळस्पे ते इंदापूर हा टप्पा २०११ साली सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आता मला नोकरी लागून सहा वर्षं झाली आणि त्या रस्त्याचं काही ना काही काम अजून निघतंच. ती धूळ शर्टावर बसते, चहात पडते, आणि मामाच्या मते मुद्दाम वाट काढून स्पीकरच्या गॅपमध्ये जाऊन बसते.

गॅप म्हणजे काय हे मला आधी मामाने दाखवलं, कॉलेजने नंतर समीकरणात लिहून दाखवलं. कागदाचा कोन कापून काढलेला उघडा स्पीकर समोर ठेवला की खाली चुंबकाची काळी, जड चकली दिसते. तिच्या खाली एक लोखंडी प्लेट, वर एक लोखंडी प्लेट. खालच्या प्लेटच्या मधोमध एक जाड दांडा उभा असतो आणि तो वरच्या प्लेटच्या भोकातून डोकावतो. दांडा आणि भोकाची कड यांच्यामध्ये जी गोल फट राहते, ती गॅप. चुंबकाची सगळी ताकद लोखंडातून वळवून त्या फटीत आणून सोडलेली असते. चांगल्या स्पीकरात तिथलं चुंबकीय क्षेत्र साधारण १ टेस्ला असतं, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या २० हजार पटींहून जास्त. त्या फटीत तारेची कॉइल अधांतरी लटकते, कोनला चिकटलेली. कॉइलमधून करंट गेला की ती वर-खाली ढकलली जाते, कोनला ढकलते, कोन हवेला ढकलतो. या चुंबक, प्लेट, दांडा आणि कॉइलच्या जुळणीला इंजिनिअर लोक स्पीकरची मोटर म्हणतात. मी हा शब्द पहिल्यांदा वापरला तेव्हा मामा हसला होता. त्याच्या लेखी मोटर विहिरीवर असते.

एक गोष्ट मात्र तो कोणत्याही इंजिनिअरइतकीच जाणतो: सगळा खेळ त्या फटीच्या रुंदीत आहे. फट जितकी अरुंद, तितकं क्षेत्र जोरदार, तितका एका वॅटमागे आवाज मोठा. पण कॉइलला त्याच फटीत सेकंदाला पन्नास वेळा हलायचं असतं, तापून फुगायचं असतं, आणि कुठेही घासायचं नसतं. तिच्या आतून-बाहेरून मोकळी जागा राहते ती मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांची. कारखान्यात त्यासाठी साचे असतात. चुंबकाची चकली चुंबक नसतानाच दोन प्लेटांमध्ये चिकटवतात आणि मोटर जुळल्यावर एका मोठ्या कॉइलमध्ये ठेवून क्षणभर प्रचंड करंटचा झटका देतात. मॅग्नेट खऱ्या अर्थाने तेव्हा मॅग्नेट होतो. आधीच चुंबक केलेली चकली हाताळायला गेलं तर ती कारखान्यातला सगळा लोखंडी चुरा गोळा करेल आणि प्लेटा जुळवणाऱ्याची बोटंही. ज्याचे साचे ढिले, तो फट थोडी मोठी ठेवतो. मग घासलेले स्पीकर कमी परत येतात, आवाजही कमी येतो, आणि तो आवाज भरून काढायला मोठी चकली लावावी लागते. स्वस्त स्पीकरचा पाठीमागचा भाग कधी कधी उगाच भारदस्त दिसतो त्यामागे हेही एक कारण असतं.

गाळ्यात साचे नाहीत, एक्स-रे आहेत. पनवेलमधल्या ओळखीच्यांकडून जुन्या एक्स-रेच्या फिल्म मामा गोळा करतो, त्यांच्या पट्ट्या कापतो आणि नवी कॉइल बसवताना दांडा आणि कॉइल यांच्यामध्ये चारी बाजूंनी खोचतो. त्याआधी चिकटपट्टी दुमडून फटीतून गोल फिरवायची. काळी पावडर निघते, त्यात महामार्ग असतो. मग कॉइल, स्पायडर, कोन, डिंक. रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी पट्ट्या ओढून काढायच्या आणि कोनवर दोन्ही तळहात ठेवून सावकाश दाबायचं, कान अगदी जवळ नेऊन. खरखर आली तर सगळं पुन्हा. कुणाच्या तरी बरगड्यांच्या फिल्मवर आमच्या गावची गाणी सरळ चालतात, ही गंमत लहानपणी मला फार आवडायची.

सरळ चालण्याची खरी परीक्षा आमच्याकडे बेसवर होत नाही. आगरी लग्नात हळदीला डीजे लागतो हे आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण विधींच्या वेळी अजूनही धवलारणी बसतात. साठी-सत्तरीच्या बायका, वाद्य नाही, ठेका नाही, नुसत्या गळ्यावर धवले म्हणतात. त्यांच्यापुढे एक माइक ठेवलेला असतो आणि पलीकडे कोणीतरी पोरगा हळू आवाजात का होईना, बेसवालं गाणं चालू ठेवतो. छोट्या कार्यक्रमात मामा दोन्ही एकाच स्पीकरमधून सोडायचा. आणि दर ठोक्याला म्हातारीचा आवाज थरथरायचा. तिचा गळा थरथरतोय असं लोकांना वाटायचं. मला माहीत होतं की ती चांगली ठणठणीत आहे, स्पीकर थरथरतोय.

याचं कारणही त्या फटीतच आहे, आणि ते समजलं तेव्हा कॉलेजची फी वसूल झाल्यासारखं वाटलं. लोखंडाभोवती गुंडाळलेली तार उंच सुरांना अडवते, आणि तारेच्या आत जितकं लोखंड जास्त तितकी जास्त अडवते. बेसच्या ठोक्याला कॉइल खाली गेली की तिच्या पोटात दांड्याचं लोखंड जास्त येतं, वर आली की कमी. म्हणजे बाईचा आवाज ज्या दारातून जायचा, ते दार बेस उघड-बंद करत राहतो. शिवाय ठोका मोठा असेल तर कॉइलचा काही भाग फटीच्या बाहेर पडतो आणि ढकलण्याचा जोरच कमी होतो. याला तोड म्हणून कॉइल प्लेटच्या जाडीपेक्षा उंच ठेवतात. प्लेट १० मिलिमीटर आणि कॉइल २० मिलिमीटर असेल तर ती ५ मिलिमीटर वर आणि ५ खाली गेली तरी फटीत तितकेच वेढे राहतात. पण मग निम्मी तार कायम बिनकामाची, नुसतं वजन आणि नुसती उष्णता. उलटंही करता येतं, प्लेट जाड आणि कॉइल आखूड. आवाज सुरेख येतो, पण चुंबक इतका मोठा लागतो की मांडववाल्याने ते नाव काढू नये. पहिल्या रोगावर, म्हणजे थरथरीवर, औषध साधं आहे: दांड्यावर तांब्याची पातळ टोपी. त्या टोपीत उलटे करंट फिरतात आणि लोखंडाचा परिणाम बराचसा मारून टाकतात. पण टोपीला जागा द्यायची तर फट रुंद होते, फट रुंद झाली की आवाज उतरतो, आणि तांब्याला पैसे पडतात. म्हणून स्वस्त स्पीकरात ती नसते. डब्यावर वॅट छापायला शाई पुरते.

तर मी मामासाठी जे स्पीकर शोधले त्यात टोपी होती. हे मी आवर्जून सांगतोय, कारण त्यांची निवड मी अगदीच डोळे मिटून केली नव्हती. निओडिमियमचे स्पीकर, १५ इंची, ३ इंचाची कॉइल, वजन ४ किलो, नेहमीच्या निम्मं. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात मिळाले. नाव फारसं ऐकलेलं नव्हतं, कागदावरचे आकडे उत्तम होते. एकाचे १९ हजार. फेराइटचा तसाच स्पीकर मामाला साधारण ९ हजारांत पडायचा. मी एक्सेल शीट केली: उचलायला लागणारी माणसं, टेम्पोच्या फेऱ्या, मणक्याचा खर्च. चार घेतले, ७६ हजार. निम्मे माझे आणि निम्मे मामाचे, आणि मामाचे म्हणजे मामीने बाजूला ठेवलेले.

पहिला हंगाम मी हिरो होतो. दोन माणसांऐवजी एक माणूस बेस उचलायचा. आणि आवाज! सुकापूरला एका लग्नात धवलारणीचा माइक त्या खोक्यातून सोडला, मागे पोरांचं गाणं चालू होतं, आणि तिचा आवाज रेघेसारखा सरळ आला. मामा माझ्याकडे बघून काही बोलला नाही. गल्ल्याजवळच्या पोराला म्हणाला, “याला थंडा दे.”

मग पुढच्या वर्षीचा मे महिना आला. उरणच्या बाजूला एका गावात हळद. संध्याकाळी सातलाही खोक्याच्या प्लायला हात लावला तर गरम लागत होता.

इथे उष्णतेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिकडेच माझं लक्ष नव्हतं. स्पीकर हे फार निकामी यंत्र आहे. मोठा, चांगला, मांडवात वाजणारा स्पीकरसुद्धा दिलेल्या विजेतले तीन-चार टक्के आवाजात बदलतो. १०० वॅट दिले तर ९६ वॅट कॉइलमध्ये उष्णता होतात. म्हणजे आपण बांबूच्या मांडवात काही हीटर लावतो, जे जाता जाता गाणीही म्हणतात. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर रोध पावणेदोन पटींहून जास्त होतो, ॲम्प्लिफायर तेवढाच दाब देत असला तरी स्पीकर निम्म्याच्या थोडीच जास्त वीज घेतो, आणि आवाज अडीच डेसिबल पडतो. नाचणाऱ्यांना आकडा कळत नाही, पण मजा कमी झालेली कळते. ते म्हणतात वाढव. वाढवलं की कॉइल आणखी तापते.

त्यात आपल्याकडे एक वेळ ठरलेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. नियम योग्यच आहे, माझी आजी हृदयाची पेशंट होती आणि आमच्या घराच्या एका बाजूला मामाचा गाळा आणि दुसऱ्या बाजूला मंगल कार्यालय होतं, तेव्हा मला त्याबद्दल कोणी समजावू नये. पण नियमाचा एक परिणाम मामाच्या धंद्यातला कोणीही सांगेल: कॉइली पावणेदहाला जळतात. साडेनऊ वाजले की सगळ्या गावाला उरलेला अर्धा तास वसूल करायचा असतो. नवऱ्याचा मामा, नवरीचा भाऊ, सरपंचांचा पुतण्या, एकेक जण मिक्सरपाशी येऊन खांद्यावर हात ठेवतो. माझा मामा अशा वेळी हो म्हणतो आणि एक खोटी बटण फिरवतो. त्या रात्री तो पाठीला शेक देत टेम्पोत पडला होता आणि मिक्सरवर मी होतो. मी खरी बटण फिरवली.

दोन स्पीकर गेले. जळालेल्या कॉइलचा वास येतो, वार्निश आणि डिंकाचा, आणि तो मांडवात चुलीच्या धुराशी मिसळला की आधी कोणाच्या लक्षात येत नाही.

मामा चिडला नाही. कॉइल जळणं त्याच्या धंद्यात पंक्चरसारखं आहे. लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाची कोन-कॉइल आणली, एक्स-रेच्या पट्ट्या, डिंक, रात्रभर वाळवण. सकाळी दोन्ही स्पीकर सरळ चालले, कुठे घासलं नाही. मामाने तारेचा एक तुकडा घेऊन स्पीकरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली आणि कोनवर बोटाने टिचकी मारली. मग शेजारच्या न जळलेल्या स्पीकरला तसंच केलं. पुन्हा याला. पुन्हा त्याला.

“मॅग्नेट उतरलाय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, असं होत नसतं. कॉइल जळते, मॅग्नेटला काय होतंय? शंभर वर्षं टिकतो.

“टिचकी मार बघ.”

मी मारली. चांगला स्पीकर थप् असा मेल्यासारखा आवाज देत होता. दुरुस्त केलेला थोडा घुमत होता, डब्यावर टिचकी मारावी तसा. टोकं जोडली की कॉइल हलताना स्वतःच वीज तयार करते आणि ती वीज कॉइललाच थांबवते, म्हणून कोन घट्ट वाटतो. हे ब्रेक चुंबकाच्या ताकदीच्या वर्गाच्या प्रमाणात असतात. मामाला वर्ग माहीत नाही. त्याचं बोट तो काढत होतं.

मला ते पटलं नाही म्हणून मी लॅपटॉप आणला. साउंड कार्ड, एक रोधक, फुकट मिळणारं मोजमापाचं सॉफ्टवेअर. हळूहळू चढत्या सुराचा सिग्नल द्यायचा आणि प्रत्येक सुराला स्पीकर किती विरोध करतो ते नोंदवायचं. मग कोनवर ठरावीक वजन चिकटवून तेच पुन्हा. वजन म्हणून पोरांच्या खेळण्यातली माती वापरली, ती पनवेलच्या सोनाराच्या काट्यावर तोलून आणली, आणि सोनाराने ती कशाला हवी हे दोनदा विचारलं. या दोन आलेखांतून मोटरचा जोर काढता येतो, म्हणजे फटीतलं क्षेत्र गुणिले त्यात बुडालेल्या तारेची लांबी. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत हे गणित बसवलं, आजही सगळे त्याच पद्धतीने जातात. न जळलेल्या दोन स्पीकरांचा जोर १९.५च्या आसपास आला. जळून दुरुस्त झालेल्यांचा १५.४ आणि १५.७. मी कॉइलचे वेढे मोजले, तारेची जाडी मोजली, पुन्हा सगळी मोजमापं घेतली. कॉइल तीच होती. पाचवा हिस्सा ताकद चुंबकातून गेली होती.

पाचवा हिस्सा म्हणजे आवाजात दोन डेसिबल. ते भरून काढायला दीडपटीहून जास्त वीज द्यावी लागणार, म्हणजे दीडपटीहून जास्त उष्णता, म्हणजे तो पुन्हा जळणार, आणि जळताना आणखी उतरणार.

त्या रात्री मी जे वाचत बसलो ते विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं. फेराइटचा चुंबक तापला की कमजोर होतो, निओडिमियमपेक्षा जास्तच होतो, पण थंड झाला की परत मूळ ताकदीवर येतो. उष्णतेत त्याची पकड उलट वाढते. त्याला भीती असते ती कडाक्याच्या थंडीची, आणि ती पळस्प्याला कुठून येणार. निओडिमियमचं वेगळं आहे. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंतच भरवशाचा. त्यापुढे त्याची पकड झपाट्याने सुटते आणि एका हद्दीनंतर गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही. मी घेतलेल्या स्पीकरात तो छोटा चुंबक कॉइलच्या आतल्या पोटातच बसवलेला होता, हीटरच्या मधोमध. फेराइटची मोठी चकली कॉइलच्या बाहेर असते, दोन जाड प्लेटांमध्ये, सगळ्या बाजूंनी हवा. ज्या वजनाला मी शिव्या देत होतो तेच कॉइलची उष्णता झेलून ठेवत होतं.

चांगल्या कंपन्यांना हे माहीत असतं. त्या १२० किंवा १५० अंश सोसणाऱ्या प्रतीचा चुंबक घेतात, त्यासाठी मिश्रणात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालावं लागतं, आणि चुंबकाची उष्णता बाहेर काढायला ॲल्युमिनियमचे पंखे ओततात. डिस्प्रोसियम महाग असतं आणि जवळजवळ सगळं चीनमधून येतं. म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन स्पीकरांतला मोठा फरक एका अक्षराचा असतो, जे चुंबकाच्या प्रतीच्या नावापुढे लागतं आणि स्पीकरच्या डब्यावर कोणी छापत नाही. मी कागदावर वॅट पाहिले, संवेदनशीलता पाहिली, तांब्याची टोपी पाहिली. चुंबकाची प्रत विचारायची असते हे मला माहीत नव्हतं, आणि दुकानदारालाही ती माहीत असेल असं वाटत नाही.

या धंद्यात चुंबक कुठला वापरायचा हे कानांनी फार क्वचित ठरवलंय. १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या घडणीचा स्पीकर मांडला तेव्हा पुरेसे जोरदार कायमचे चुंबकच नव्हते, म्हणून विजेवर चालणारा चुंबक लावायचे. पुढे अल्निको आला, त्यात कोबाल्ट लागतं. १९७८ मध्ये झैरेच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले लगबगीने फेराइटकडे वळले, जो फिलिप्सच्या प्रयोगशाळेने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनवला होता आणि जो मुख्यतः गंजाचाच भाऊ आहे. निओडिमियम चुंबक १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्स यांनी जवळजवळ एकाच वेळी काढला. २०१० मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांची निर्यात आवळली आणि भाव चढले. एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियम आणि टर्बियमसह सात मूलद्रव्यांवर पुन्हा परवान्याची अट घातली. आपल्याकडे मोटारीच्या कारखान्यांची झोप उडाली ती बातम्यांत आली. मांडववाल्यांची बातमी होत नाही. न्हावा-शेवाला उतरलेले कंटेनर आमच्या फाट्यावरून रात्रंदिवस जात असतात, आणि मामाबरोबर टपरीवर चहा पिताना मी हल्ली त्यांच्याकडे जरा संशयाने बघतो.

उतरलेला मॅग्नेट पुन्हा भरता येतो, निदान तत्त्वतः. मामाच्या ओळखीत फेराइट भरून देणारा एक माणूस आहे. त्याने आमचा स्पीकर हातात घेतला, उलटा केला आणि परत दिला. निओडिमियम भरायला फेराइटपेक्षा कितीतरी जोरदार झटका लागतो, त्याचं यंत्र तेवढं नाही. कोडमध्ये मी चूक केली तर कालची आवृत्ती परत चढवतो, पंधरा मिनिटांत. इथे मी दोन शनिवार या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरलो आणि स्पीकर तसेच घेऊन आलो.

मामा फेराइटवर परत गेला. ८ किलो, ६५ किलोचं खोकं. त्याने स्वतः उचलणं मात्र खरंच सोडलं, डॉक्टरांमुळे नाही, मामीमुळे. हंगामात शनिवार-रविवारी मी आणि गावातली दोन पोरं उचलतो. मामीचे ३८ हजार मी दिवाळीला परत द्यायला गेलो, तिने घेतले आणि मोजले, आणि मला ते बरं वाटलं. खोक्यांना मागून एक ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणि थोडी हवेची वाट करून द्यायची असं मी मामाला सुचवलंय. तो म्हणतो, आधी तुझ्या एका खोक्यावर कर, एक हंगाम बघू.

न जळलेले दोन निओ आम्ही विकले. उतरलेले कोणी घेईना, आणि फसवून विकायला मामा तयार नव्हता. गेल्या मार्गशीर्षापासून ते एका छोट्या खोक्यात घालून मामा विधींच्या जागी ठेवतो, फक्त धवलारणींच्या माइकसाठी. डीजे वेगळ्या तारेवर, वेगळ्या खोक्यांवर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. वीस-तीस वॅटही लागत नाहीत. मॅग्नेट उतरलेला असला तरी तांब्याची टोपी आहे तिथेच आहे, आणि कॉइल कोमटसुद्धा होत नाही. परवा बारापाड्याला एका धवलारणीने मध्येच थांबून माइक बाजूला केला आणि मामाला विचारलं, मशीन चालू हाय ना रं, मना माझाच आवाज ऐकू येतोय.